अजिंक्यपद मिळाले, पण पुढे जायला बंदी!

वाचकहो, आपल्या वस्तीतली पोरे कबड्डीत आणि क्रिकेटमध्ये रमतात. बास्केटबॉल हा आपल्याकडे अजून कॉलेजच्या आवारातला खेळ आहे. अमेरिकेत मात्र कॉलेजांचा बास्केटबॉल म्हणजे घराघरांतला विषय. त्यातल्या एका स्पर्धेचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत. खेळाची आवड नसलेल्या आयाबहिणींनीही तो जरूर वाचावा.

अमेरिकेत शेजारपाजारच्या राज्यांतली विद्यापीठे मिळून एक गट करतात. त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. गटातले संघ हिवाळाभर आपसांत खेळतात आणि सर्वांत जास्त सामने जिंकणारा संघ गटाचा अजिंक्य ठरतो. त्या काळी त्या संघाला मग देशपातळीवरच्या स्पर्धेचे दार उघडत असे. दक्षिणेकडच्या राज्यांचा असाच एक गट म्हणजे साऊथईस्टर्न कॉन्फरन्स. डिसेंबर १९३२ मध्ये तेरा विद्यापीठांनी तो काढला. दक्षिण म्हणजे जिथे गुलामी होती, आणि गुलामी गेल्यावरही शाळा, बस, पाण्याचे नळ गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते तो मुलूख. गटातल्या एकाही संघात काळा खेळाडू नव्हता. पहिली तीस-पस्तीस वर्षे हेच चालले.

या गटाची विजेत्यांची यादी काढली तर पहिले नाव केंटकी विद्यापीठाचे, १९३३ साली. त्यानंतरही पानेच्या पाने केंटकीची आहेत. त्यांचे प्रशिक्षक अडॉल्फ रप यांनी १९७२ साली निवृत्त होईपर्यंत गटाची २७ अजिंक्यपदे मिळवली. १९४८, १९४९, १९५१ आणि १९५८ अशी चार वेळा देशाची स्पर्धाही जिंकली. माणूस खेळातला पक्का जाणकार, यात शंका नाही. पण ज्या स्पर्धेत अर्ध्या गावाला पाऊल ठेवायची बंदी, तिथले अजिंक्यपद कितपत अजिंक्य म्हणायचे, हा प्रश्न आम्हाला पडतो.

याच यादीत १९५९, १९६१, १९६२ आणि १९६३ या वर्षांपुढे मिसिसिपी स्टेट हे नाव दिसते. १९६२ चे पद केंटकीबरोबर वाटून मिळाले होते. १९५९ साली बेली हॉवेल या खेळाडूच्या जोरावर हा संघ पंचवीसपैकी फक्त एक सामना हरला. आता देशाच्या स्पर्धेला जायचे. पण संघ गेलाच नाही! त्याच्याऐवजी केंटकी गेले. १९६१ ला तेच झाले आणि १९६२ लाही तेच.

कारण काय? मिसिसिपी राज्यात एक अलिखित नियम होता. ज्या संघात काळा खेळाडू आहे त्याच्याशी राज्याच्या विद्यापीठाने खेळायचे नाही. कायद्याच्या पुस्तकात तो कुठे नव्हता, पण मोडायची कोणाची हिंमत नव्हती. देशाच्या स्पर्धेत उत्तरेकडच्या संघांत काळे खेळाडू असणार, तेव्हा घरी बसा! विटाळाच्या भीतीने आपल्याच हातातले ताट लाथाडणारी माणसे आपण पाहिली आहेत. अमेरिकेतही ती आहेत, एवढेच.

१९६३ साली चौथ्यांदा अजिंक्यपद आले तेव्हा मात्र खेळाडू आणि प्रशिक्षक बेब मॅकार्थी अडून बसले. विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोलवार्ड यांनी मार्चच्या सुरुवातीला संघ जाणार असे जाहीर केले. हे धाडस लहान नव्हे. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी त्याच राज्यात जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन माणसे मेली होती. संघ निघायच्या बेतात असताना एका आमदाराने आणि त्याच्या साथीदाराने न्यायालयाचा मनाई हुकूम आणला. तो हातात पडू नये म्हणून अध्यक्ष आणि प्रशिक्षक आधीच राज्याबाहेर निघून गेले. विमानतळावर आधी राखीव खेळाडू पाठवले आणि कोणी अडवत नाही असे पाहून मग मुख्य खेळाडू निघाले. खेळायला जायचे, तेही चोरासारखे!

१५ मार्च १९६३ ला मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंग येथे शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी सामना झाला. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चार खेळाडू काळे होते. सुरुवातीला लोयोलाचा कर्णधार जेरी हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड यांनी हात मिळवले, तेव्हा छायाचित्रकारांचे दिवे एकदम लखलखले. लोयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला. आठवडाभराने त्यांनी सिनसिनाटीला ६०-५८ असे हरवून देशाचे अजिंक्यपदही पटकावले. निर्णायक बास्केट अगदी शेवटच्या क्षणी विक राउझ या काळ्या खेळाडूने केली.

हा राउझ आणि त्याचा जोडीदार लेस हंटर दोघेही टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरातले, पर्ल हायस्कूल या काळ्यांच्या शाळेचे विद्यार्थी. त्याच शहरात व्हॅंडरबिल्ट हे मोठे विद्यापीठ आहे आणि ते या दक्षिणी गटातलेच. पण घरच्या विद्यापीठाच्या संघात काळ्यांना जागा नव्हती, म्हणून ही हुशार पोरे शेकडो मैल दूर शिकागोला गेली आणि विजय शिकागोच्या नावावर लागला.

पर्ल हायस्कूलने १९६६ साली आणखी एक रत्न दिले. पेरी वॉलेस. वडील बांधकामावर, आई साफसफाईच्या कामावर. मुलगा शाळेत अभ्यासात पहिला आणि खेळात तर विचारूच नका! उंच उडून चेंडू वरून थेट कड्यात घालण्यात, ज्याला डंक म्हणतात, त्याचा हात कोणी धरत नसे. १९ मार्च १९६६ ला पर्लने राज्याची स्पर्धा जिंकली. त्याच रात्री देशाच्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नच्या पाच काळ्या खेळाडूंनी रप यांच्या सगळ्या गोऱ्या केंटकीला ७२-६५ असे हरवले.

वॉलेसने व्हॅंडरबिल्ट निवडले. १९६७-६८ च्या मोसमात तो या गटातल्या पहिल्या संघात खेळणारा पहिला काळा बास्केटबॉलपटू ठरला. सोबत डेट्रॉईटचा गॉडफ्रे डिलार्ड होता, पण गुडघ्याच्या दुखापतीने त्याला पहिल्या संघात खेळता आले नाही. पहिल्या वर्षी नवशिक्यांच्या सामन्यासाठी दोघे मिसिसिपी स्टेटच्या मैदानावर गेले. चार वर्षांपूर्वी ज्या विद्यापीठाने काळ्यांशी हात मिळवला तेच हे! पण प्रेक्षकांतून इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की मध्यंतराला ही दोन तरणीबांड पोरे एकमेकांचे हात घट्ट धरून बसली होती. पुढे मिसिसिपीतल्याच दुसऱ्या एका मैदानावर वॉलेसच्या तोंडावर फटका बसला, डोळा सुजला. विद्यापीठाजवळच्या एका चर्चमध्ये तर त्याला सांगण्यात आले की बाबा, उद्यापासून येऊ नकोस. देवाच्या दारातली ही बंदी आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

भरीला १९६७ साली देशभर कॉलेजच्या सामन्यांत डंकवर बंदी आली. ती १९७६ पर्यंत टिकली. म्हणजे वॉलेसच्या हातातले हत्यारच गेले. तरी तो खेळला, कर्णधार झाला, इंजिनिअरिंगची पदवी घेतली. शेवटच्या सामन्यात त्याने नियम धाब्यावर बसवून एक डंक मारलाच! नंतर वर्तमानपत्राला मुलाखत देऊन चार वर्षांत काय सोसले ते त्याने स्पष्ट सांगितले. लोकांना ते रुचले नाही आणि त्याला शहर सोडावे लागले.

तो पुढे कायदा शिकायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. होय, जिथे बाबासाहेब शिकले तेच. १९७५ साली पदवी घेऊन वकील आणि नंतर कायद्याचा प्राध्यापक झाला. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्या डू बॉईस यांना पत्र लिहिले, ते काळ्यांचे थोर विचारवंतही वॉलेसच्याच नॅशव्हिलमध्ये, फिस्क विद्यापीठात शिकले होते.

वॉलेसमागोमाग दार थोडे किलकिले झाले. अलाबामात वेंडेल हडसनला १९६९ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि १९७३ साली तो गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्या अलाबामाच्या दारात १९६३ साली गव्हर्नर स्वतः काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला उभा राहिला होता, त्याच विद्यापीठाने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी ओळीने तीन अजिंक्यपदे घेतली. त्यातली पहिली दोन वाटून होती. प्रशिक्षक होते सी. एम. न्यूटन, रप यांच्याच हाताखाली खेळलेले. रप यांच्या केंटकी संघात पहिला काळा खेळाडू टॉम पेन आला तो १९७० मध्ये.

मैदानात काळी पोरे आली, पण हुकूम देणारे गोरेच राहिले. गटातला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक, वेड ह्यूस्टन, टेनेसीत आला तो १९८९ ला. अर्कान्सा १९९१-९२ मध्ये गटात आले आणि नोलन रिचर्डसन या काळ्या प्रशिक्षकाने पहिल्याच वर्षी अजिंक्यपद जिंकले, १९९४ ला तर देशाचेही. १९९७ मध्ये केंटकीने टबी स्मिथ यांना नेमले. शेतमजुरी करणाऱ्या बापाच्या सतरा मुलांपैकी ते एक. त्यांना नेमणारे क्रीडासंचालक तेच न्यूटन. स्मिथ यांनी पहिल्याच मोसमात गट जिंकला आणि १९९८ साली देशाची स्पर्धाही. केंटकीचे घरचे सामने ज्या क्रीडागृहात होत त्याला नाव होते रप अरेना.

पेरी वॉलेस खेळला ती तिन्ही वर्षे, १९६८, १९६९, १९७०, गटाचे अजिंक्यपद केंटकीकडेच गेले. विजेत्यांच्या यादीत त्याच्या संघापुढे त्या वर्षांची नोंद नाही. व्हॅंडरबिल्टने २००४ साली त्याचा २५ क्रमांकाचा सदरा सन्मानाने कायमचा राखून ठेवला. वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठात ते कायदा शिकवीत असत. डिसेंबर २०१७ मध्ये ते वारले.