मास्ट पेशीवरचा जुना आरोप

मागच्या आठवड्यात आपण न्यूट्रोफिल पेशींची धावपळ पाहिली. जखम झाली की रक्तातून सर्वांत आधी तिथं पोचणाऱ्या आणि काम उरकलं की तिथंच मरणाऱ्या त्या पेशी. आजची पेशी कुठंच धावत नाही. त्वचेखाली, श्वासनलिकेच्या अस्तरात, आतड्याच्या भिंतीत, बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्या कडेकडेनं ती महिनोन्‌महिने ठाण मांडून बसते. नाव मास्ट पेशी. नाव नवखं वाटेल, पण तिचे प्रताप घरोघरी ठाऊक आहेत. कोळंबी खाल्ल्यावर, एखादी गोळी घेतल्यावर, कधी काही कारण न कळताच अंगभर लालसर गांध्या उठतात आणि खाजवून जीव नकोसा होतो. ‘पित्त उठलं’ म्हणून कुणी आमसुलाचं पाणी चोळतं, कुणी सेटिरिझिन घेऊन झोपतं. त्या गांध्यांमागे असते ती ही पेशी आणि तिच्या पोटात ठासून भरलेले दाणे.

हे दाणे पहिल्यांदा नीट पाहिले पॉल एर्लिख यांनी. १८७८ साल, चोविशीतला वैद्यकाचा विद्यार्थी आणि जर्मनीत नुकत्याच आलेल्या ॲनिलिन रंगांचं त्याला लागलेलं वेड. निळ्या रंगात बुडवलेल्या ऊतीत काही पेशींचे दाणे निळे न होता जांभळट दिसले, आणि लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यानं या पेशींचं वर्णन केलं. पुढं एर्लिख यांना नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी. या पेशी करतात काय, हे मात्र कितीतरी दशकं कुणाला धड सांगता येत नव्हतं.

आज ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर ॲलर्जीची त्वचाचाचणी पाहावी. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करतात, प्रत्येक खुणेपाशी एकेका अर्काचा थेंब ठेवतात. घरातल्या धुळीतले किडे, झुरळ, निरनिराळे पराग, शेंगदाणा, अंडं. मग बारीक टोकानं त्या थेंबातून त्वचेला नुसतं टोचतात, रक्तही येत नाही. शेजारी दोन थेंब पडताळ्यासाठी असतात, एक साध्या मिठाच्या पाण्याचा आणि एक हिस्टामिनचा. पंधरा-वीस मिनिटं हात हलवायचा नाही आणि खाजवायचं तर मुळीच नाही. जिथं ॲलर्जी आहे तिथं मधोमध फिकट फुगवटा आणि भोवती लाली अशी गांध उठते. मिठाच्या पाण्याच्या खुणेपेक्षा ती किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर चाचणी होकारार्थी धरतात. आधी काही दिवस सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात ते यासाठीच, नाहीतर हिस्टामिनचा थेंबसुद्धा गप्प राहतो.

त्या पंधरा मिनिटांत आत काय घडतं? मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीपासून बसलेली असतात. झुरळाचं प्रथिन त्यांपैकी शेजारशेजारच्या दोघांना एकाच वेळी चिकटलं की पेशीला इशारा मिळतो आणि दाणे बाहेर फेकले जातात. त्यांत हिस्टामिन असतं, हेपॅरिन असतं, प्रथिनं कापणारी विकरं असतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती पाझरू लागतात, द्रव बाहेर येऊन फुगवटा धरतो, मज्जातंतू चेतवले जाऊन खाज सुटते. त्यापाठोपाठ पेशी ताज्या तयार केलेल्या ल्युकोट्राइनांसारख्या द्रव्यांची दुसरी खेप सोडते. हेच सगळं अंगभर एकदम झालं तर रक्तदाब कोसळतो.

ॲलर्जी रक्तद्रवातून एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, हे १९२१मध्ये ब्रेस्लाऊ शहरात दोन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध केलं. क्युस्टनर यांना शिजवलेले मासे चालत नसत. त्यांचा रक्तद्रव प्राउस्निट्झ यांनी आपल्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. गांध उठली! आजच्या कुठल्याही नीतिसमितीनं असला प्रयोग दारातूनच परत पाठवला असता. रक्तद्रवातलं ते गूढ द्रव्य म्हणजेच आयजीई. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं अमेरिकेत डेन्व्हरला १९६६मध्ये ते वेगळं ओळखलं, स्वीडनमधल्या योहानसन आणि बेनिक यांनी स्वतंत्रपणे तेच शोधलं, आणि १९६८मध्ये त्याचं नाव पक्कं झालं.

त्यानंतर मास्ट पेशीवर जणू आरोपपत्रच दाखल झालं. दमा, शिंका, पित्त उठणं, अन्नाची ॲलर्जी, सगळीकडे तीच दोषी. पण इतकी घातक यंत्रणा उत्क्रांतीत टिकली कशी, हा प्रश्न राहिलाच होता. ‘ती पोटातल्या जंतांसाठी आहे’ हे ठरलेलं उत्तर. ते चूक नाही, पण जंत आठवड्यांच्या हिशेबानं मुक्काम ठोकतात आणि ही पेशी मिनिटांत फुटते. मार्गी प्रोफेट यांनी १९९१मध्ये वेगळी कल्पना मांडली: ही घाई विषासाठी असावी. बरीच वर्षं ती कल्पना विचित्रच समजली गेली. मग २००६मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीफन गॅली यांच्या गटानं मास्ट पेशी नसलेल्या उंदरांना सर्पविष आणि मधमाशीचं विष टोचून पाहिलं. नेहमीच्या उंदरांपेक्षा ते लवकर मेले. मास्ट पेशीच्या दाण्यांतलं एक विकर विषातली प्रथिनं तोडून टाकत होतं. त्याच गटानं २०१६मध्ये आपल्या ओळखीच्या घोणशीच्या विषावर काम केलं आणि आयजीई असलेले उंदीर त्या विषाला जास्त तग धरतात असं दाखवलं. (यावरून कुणी सर्पदंश अंगावर काढू नये. माणसाला घोणस चावली तर प्रतिविष हाच इलाज.)

२०२३मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले दोन शोधनिबंध मला याहून मोलाचे वाटतात. एक येल विद्यापीठातल्या रुस्लान मेझितोव्ह आणि एस्तेर फ्लोर्शाइम यांच्या गटाचा, दुसरा हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या हान्स-राइमर रोडेवाल्ड यांच्या गटाचा. प्रयोग साधा. उंदरांना आधी अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी आणली, मग पिंजऱ्यात दोन बाटल्या टांगल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत तेच प्रथिन मिसळलेलं पाणी. ॲलर्जी नसलेले उंदीर प्रथिनाचं पाणी आवडीनं पीत. ॲलर्जीवाल्यांनी थोडं चाखलं आणि त्या बाटलीकडे पाठ फिरवली. इथवर नवल नाही. पण ज्या उंदरांत मास्ट पेशीच नव्हत्या, किंवा आयजीईचं काम बंद पाडलं होतं, ते ॲलर्जी आणूनही ते पाणी पितच राहिले. म्हणजे ‘हे नको’ हा निर्णय मेंदूचा असला तरी खबर देणारी आतड्यातली मास्ट पेशी होती. ॲलर्जीवाल्या उंदरांना तेच प्रथिन नळीनं थेट पोटात घातलं तर आतड्याचा दाह झाला, स्वतःहून टाळलं तर वाचले. येलच्या गटाला या निरोपात ल्युकोट्राइनांचा हात दिसला, हिस्टामिनचा नव्हे.

घरात एखादं मूल अंडं किंवा शेंगदाण्याची चटणी पाहूनच तोंड फिरवतं आणि आपण ‘नखरे’ म्हणून घास कोंबतो. उंदरावरून माणसाचा निष्कर्ष काढायची घाई करू नये, आणि प्रत्येक नखऱ्यामागे ॲलर्जी नसतेच. तरी एखादा ठरावीक पदार्थ प्रत्येक वेळी नाकारला जात असेल, त्यानं ओठ खाजत असतील किंवा पोट दुखत असेल, तर जबरदस्ती थांबवून डॉक्टरांना विचारलेलं बरं.

न्यूट्रोफिल आणि मास्ट पेशी यांचं नातं तर २०२४मध्ये पार उलटंपालटं झालं. जर्मनीतल्या टिम लेमरमान यांच्या गटानं जिवंत ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की दाणे फोडून बसलेली मास्ट पेशी न्यूट्रोफिलांना ल्युकोट्राइन सोडून बोलावते आणि जवळ आलेल्या न्यूट्रोफिलला अख्खाच्या अख्खा पोटात घेते. तो आत काही काळ जिवंत राहतो, मग मरतो, आणि त्याचा माल ही पेशी साठवून ठेवते. पुढं पुन्हा चेतवली गेली की तो उसना माल बाहेर टाकून दाह वाढवते. आपले दाणे संपले तर दुसऱ्याचे वापरायचे! ॲलर्जीचा दाह काही लोकांत इतका लांबत का जातो, याचं एक उत्तर इथं असू शकतं.

आता खाज. ‘खाजवू नकोस, वाढेल’ हे आईचं वाक्य जानेवारी २०२५च्या अखेरीस ‘सायन्स’मध्ये शास्त्रीय पुराव्यासह छापून आलं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डॅनियल कॅप्लान यांच्या गटानं उंदरांच्या कानाला त्वचादाह घडवणारं रसायन लावलं. काहींना खाजवू दिलं, काहींच्या गळ्यात कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर घालतात तशी नरसाळ्याची पट्टी घातली. खाजवणाऱ्यांचे कान जास्त सुजले. कारण असं, की खाजवल्यानं वेदना जाणणारे मज्जातंतू चेततात, त्यांतून सबस्टन्स पी नावाचं द्रव्य सुटतं आणि ते मास्ट पेशीला दुसऱ्या दारानं चेतवतं. एका दारानं ॲलर्जीकारक, दुसऱ्या दारानं मज्जातंतू. दोन्ही एकदम वाजले की पेशी कैकपटींनी खवळते. गंमत म्हणजे खाजवल्यानं त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणू कमी झालेलेही आढळले, म्हणजे खाजवण्यातला आनंद अगदीच निष्कारण नसावा. पण दीर्घकाळच्या खाजेत नुकसानच जास्त, असं खुद्द कॅप्लान यांचंही मत आहे. गाजरगवतानं अंग खाजणाऱ्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेल्या त्या तणाच्या त्वचादाहात मुख्य भूमिका टी-पेशींची असते, पण नखं लागली की चट्टे चिघळतात हा अनुभव जुनाच.

ते दुसरं दार औषधांच्या बाबतीतही महत्त्वाचं आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा भूल देताना स्नायू सैलावणारी काही औषधं आयजीईविना थेट याच दारानं मास्ट पेशीला चेतवू शकतात, हे जॉन्स हॉपकिन्समधल्या शिनझोंग डोंग यांच्या गटानं २०१५मध्ये दाखवलं. अशा वेळी रुग्णाच्या रक्तात त्या औषधाविरुद्ध आयजीई सापडत नाही, आणि तरीही त्याचा त्रास खराच असतो.

उपचारांचं काय? आपल्याकडच्या सर्दी-ॲलर्जीच्या चिठ्ठ्यांवर मॉन्टेल्युकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन यांची एकत्रित गोळी सर्रास दिसते. एक ल्युकोट्राइन अडवतं, दुसरं हिस्टामिन. दोन्ही दाणे फुटल्यानंतरची सारवासारव. ओमॅलिझुमॅब त्याआधीच आयजीईला रक्तात पकडतं. अमेरिकेत दम्यासाठी २००३पासून वापरात असलेल्या या इंजेक्शनाला फेब्रुवारी २०२४मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठीही परवानगी मिळाली. त्यामागच्या चाचणीत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या १ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के जणांनी ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन त्रासाविना पचवलं. खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. ६०० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम अडीच दाणे. चुकून खाल्लं गेलं तर जीव वाचावा एवढाच हेतू, शेंगदाण्याची उसळ खाण्याचा परवाना नव्हे. शिवाय हे इंजेक्शन महाग आहे.

मास्ट पेशी निर्दोष सुटली असं मी म्हणणार नाही. यातले बहुतेक पुरावे उंदरांचे आहेत. पण तिला सरसकट मारून टाकावं, हा एकेकाळचा सोपा विचार आता टिकत नाही.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. गांध्यांसोबत ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा चक्कर आली तर आमसूल आणि सेटिरिझिन यांत वेळ घालवू नका. तिथं ॲड्रेनलिन लागतं, मांडीच्या स्नायूत आणि लगेच. रुग्णाला आडवं ठेवा, धाप असेल तर टेकून बसवा, आणि जवळचं रुग्णालय गाठा. ॲलर्जी ज्याची त्यानं कागदावर लिहून पाकिटात ठेवावी.

पुढच्या आठवड्यात: दाहाला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी आणि त्यांच्या शोधासाठी २०२५चं नोबेल मिळालेले ब्रुन्को, रॅम्सडेल आणि साकागुची.