जुना लॅपटॉप आणखी कांहीं वर्षें

विद्यार्थिमित्रहो, थोरल्या भावाकडून आलेला लॅपटॉप मंदावला, कीं नव्याचा हट्ट सुरू होतो. वडिलांचें सोयाबीन तर अद्याप मोंढ्यांतहि गेलेलें नसतें! बहुधा दोष जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिची तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेऊनहि मागें पडते. आपल्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवून तिच्या जागीं एसएसडी बसवावी. तींत फिरता भागच नाहीं. रॅम मात्र मदरबोर्डास कायमची जोडलेली नाहीं ना, हें पाहूनच विकत घ्यावी. परभणीच्या उन्हाळ्यापूर्वीं पंख्यांतील धूळहि काढवून घ्यावी, कारण तापलेला प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा नियमित पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला; ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाहीं, त्यावर विनामूल्य लिनक्स घालतां येतें.