उन्हाळा सरला, वर्षाचे काय?

मृग लागला की विश्रांतवाडीत बॅगा आणि वळकट्या घेतलेली पोरे दिसू लागतात. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन आहे. उन्हाळाभर कोणी बांधकामावर, कोणी लग्नाच्या पंगतीत राबलेला असतो. सुट्टी संपते आणि प्रश्न उभा राहतो: वसतिगृहाच्या यादीत नाव आले नाही तर वर्ष कुठे काढायचे?

अशा विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये ठरले. पण पैसे प्रवेशानंतर, मागाहून येतात. खोलीमालक मात्र अनामत आधीच मागतो. या मधल्या महिन्यांतच पोरगा गावी परततो आणि शिक्षण सुटते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांनाही लंडनचा अभ्यास अर्धवट टाकावा लागला. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

आम्ही एवढेच म्हणतो, पाच नोकरदारांनी मिळून एका मुलाची अनामत भरावी. स्वाधार हाती आल्यावर त्याने ती पुढच्या मुलासाठी परत करावी. यातून शासनाची सुटका नाही. वेळेवर पैसे हा हक्क आहे, तो आम्ही मागणारच. पण पाऊस कोणासाठी थांबत नाही. जयंतीला वर्गणी देणारा हात जूनमध्ये आखडू नये.