ओल्या लाकडाची उपाधी

या आठवड्यात शब्दप्रमाण, म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान, घेतो असं म्हटलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, आणि त्याला कर्जतकडचे एक वाचक कारण आहेत. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे विस्तव आहे, हे अनुमानाचं उदाहरण मागे दिलं होतं. ते वाचून त्यांनी दोन प्रश्न पाठवले. पहिल्याचं उत्तर चार ओळींत देता येतं. दुसऱ्याला अख्खा लेखांक लागेल, कारण तो माझा जुना लाडका विषय आहे.

पहिला प्रश्न असा: 'पावसाळ्यात ढाकच्या डोंगरावर रोज सकाळी धूर दिसतो. वर जावं तर तो ढग निघतो. मग जिथे धूर तिथे विस्तव हा तुमचा नियम मोडला की नाही?'

नाही मोडला. नियम धुराबद्दल आहे आणि वर धूर नव्हताच. हेतू म्हणजे मनातला उद्देश नव्हे, तर ज्याच्या बळावर साध्य, म्हणजे इथे विस्तव, सिद्ध करायचं ते, हे नेहमीच्या वाचकांच्या लक्षात असेल. इथे हेतूच जागेवर नाही. या दोषाला 'असिद्ध' म्हणतात. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने 'न्यायबिंदू'त नेमकं हेच उदाहरण घेतलं आहे: समोर दिसतं ते धूर की वाफ, अशी शंका आहे तोवर त्यावरून विस्तव सिद्ध करता येत नाही. लगेच पुढे त्याने मोराचं उदाहरण दिलं आहे. केका ऐकू आली म्हणून 'या झाडीत मोर आहे' असं म्हणावं, तर आवाज कुठल्या झाडीतून आला याचीच खात्री नाही. बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. गाडीची शिट्टी खरी, पण ती कुठल्या अंगाने आली हे दरी सांगू देत नाही.

आता दुसरा प्रश्न. 'जिथे धूर तिथे विस्तव हे मान्य. मग जिथे विस्तव तिथे धूर हे का मान्य नाही? आमच्याकडे चूल पेटली की घरभर धूर होतो.'

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, ठरलेलं उत्तर म्हणजे लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा. त्यात विस्तव आहे, धूर नाही. एवढ्याने नियम उलट्या दिशेने चालत नाही हे सिद्ध होतं. पण नैयायिक तिथे थांबत नाहीत, आणि मला त्यांचं कौतुक आहे ते इथे. ते विचारतात, मग चुलीत धूर येतो तो कशाने? उत्तर आहे, ओल्या इंधनाने. या ओल्या लाकडाला त्यांनी नाव दिलं 'उपाधी'.

उपाधी म्हणजे जवळ आणून ठेवलेली वस्तू, जी आपला गुण शेजाऱ्याला उसना देते. स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. लाली फुलाची असते, नाव स्फटिकाचं होतं. तसा धूर ओल्या लाकडाचा असतो आणि नाव विस्तवाचं होतं. मराठीत आपण पदवीला उपाधी म्हणतो आणि 'नसती उपाधी मागे लावून घेतली' असंही म्हणतो. एक मिरवायची, दुसरी टाळायची, पण दोन्ही बाहेरून येऊन चिकटलेल्या. तर्कशास्त्रातली उपाधीही तशीच बाहेरून आलेली असते. फरक इतकाच की ती आधी हुडकून काढावी लागते.

हुडकायची खूण 'तर्कसंग्रह' लिहिणाऱ्या अन्नंभट्टाने सतराव्या शतकात मोजक्या शब्दांत दिली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, जे सिद्ध करायचं ते जिथे जिथे असेल तिथे ही वस्तू असलीच पाहिजे, पण जे कारण म्हणून पुढे केलं आहे ते जिथे जिथे असेल तिथे ती असेलच असं नाही. धूर आहे तिथे ओलं इंधन आहेच. विस्तव आहे तिथे मात्र ते असतं किंवा नसतं.

ही खूण पडताळायला कर्जत-खालापूरइतकी सोयीची जागा नाही. उन्हाळ्यात इथे राब भाजतात. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर शेण, तोडून वाळवलेल्या फांद्यांची कवळ, पालापाचोळा आणि गवत असे थर देतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग भडकत नाही, आत आत सरकत जाते. ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, धूर मात्र रेंगाळत राहतो. हवा कमी, जळण दबलेलं, आच मंद. अर्धवट जळालेले कण आणि वाफा वर येतात, तोच धूर.

त्याच्या शेजारी कोळशाची भट्टी ठेवा. कातावरून ज्यांचं नाव पडलं त्या कातकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या भट्ट्यांवर राबल्या. लाकडं रचून, मातीने लिंपून भट्टी लावली की सुरुवातीला दाट पांढरा धूर निघतो. ती लाकडातल्या पाण्याची वाफ. पुढे धूर विरळ आणि निळसर होत जातो, आणि त्या रंगावरूनच भट्टी कितपत आली हे ओळखतात. तयार झालेला कोळसा लोहाराच्या भात्यापुढे लालबुंद पेटतो आणि धुराचा मागमूस नसतो. लाकूड तेच, विस्तव तोच. मधे निघून गेलं ते पाणी आणि उडून जाणारी द्रव्यं. लोखंडाच्या गोळ्यापेक्षा मला हे उदाहरण अधिक पटतं, कारण इथे उपाधी निघून जाताना डोळ्यांना दिसते.

कुणी म्हणेल, वाळलेलं लाकूडही धुरतं. धुरतं खरं. उन्हात वाळलेल्या लाकडातही थोडं पाणी उरतं आणि ती द्रव्यं तर असतातच. तेव्हा नैयायिकांचं 'ओलं' जरा सैल हाताने वाचावं. मुद्दा कायम राहतो: धुराला विस्तव लागतो, पण एकटा विस्तव पुरत नाही.

इथे चार्वाकाने एक खोच काढली होती. तुम्ही किती स्वयंपाकघरं पाहिलीत? सगळी पाहिल्याशिवाय 'जिथे धूर तिथे विस्तव' कसं म्हणता? चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने याचं जे उत्तर दिलं, त्याची तऱ्हा मला फार आवडते. तो म्हणतो, शंका घेणाऱ्यालाही धूर हवा असला की तो विस्तवच आणायला जातो. त्याचं वागणंच त्याच्या शंकेला खोडून काढतं. हे पाहायचं तर संध्याकाळी गोठ्यात जावं. डास घालवायला धूर करायचा असतो. आधी विस्तव आणतात, मग त्यावर ओला पाला टाकतात. विस्तव आणला तो गंगेशासाठी, पाला टाकला तो उपाधीसाठी. करणाऱ्याने दोघांचीही नावं ऐकलेली नसतात.

उपाधी धुरापुरती ठेवू नका. 'पोरगा शिकला की गाव सोडणार' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण शिकून खोपोलीच्या कारखान्यात लागलेले आणि रोज संध्याकाळी घरी जेवणारे लोक आहेत. म्हणजे शिक्षण हा विस्तव झाला, आणि ओलं लाकूड आहे जवळपास काम नसणं. दोष कुणाला द्यायचा हे ठरवण्याआधी ओलं लाकूड शोधावं, एवढं उपाधीचं शास्त्र साधं आणि उपयोगी आहे.

जाता जाता एक. चावडीवर कुणाबद्दल कुजबुज सुरू झाली की कुणीतरी म्हणतंच, 'आगीशिवाय धूर नाही.' इथे ओलं लाकूड शोधूच नका. मुळात कुजबुज हा धूर नव्हे. धूर विस्तवातून निघतो, त्याला खोटं बोलता येत नाही. कुजबुज माणसाच्या तोंडून निघते. ती शब्द आहे, आणि शब्दाला तपासायची कसोटी एकच: बोलणारा आप्त आहे का? आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, हे पुढच्या आठवड्यात.