उमरखाडीच्या भिंती

मुंबईत हिंदमाताच्या उड्डाणपुलाखाली आणि केईएम-टाटा रुग्णालयांच्या आसपासच्या फुटपाथांवर उपचारांसाठी गावाकडून आलेली कुटुंबं मुक्काम टाकतात. त्यांची मुलं बेघर असतात, पण पोरकी नसतात. आई शेजारीच असते. बेघर, पोरका आणि गुन्हेगार हे तीन वेगळे मुलगे आहेत, हे मुंबईच्या कायद्यांना आणि संस्थांना फार उशिरा उमगलं. 1850 च्या उमेदवारी (अप्रेंटिस) कायद्याने दंडाधिकाऱ्याला पालकाचे अधिकार दिले ते अनाथ मुलासाठी, आईबापांनी टाकलेल्या गरीब मुलासाठी, आणि भटकेपणा किंवा किरकोळ गुन्हा शाबीत झालेल्या मुलासाठीही. तिघे एकाच कलमात. 1857 साली डेव्हिड ससून यांच्या देणगीने उभ्या राहिलेल्या संस्थेच्या नावातच 'औद्योगिक शाळा' आणि 'सुधारगृह' शेजारी-शेजारी बसले. ती शाळा आज माहीमला आहे.

पुढे 1924 चा मुंबई बालक कायदा आला आणि 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मोठ्यांच्या तुरुंगातून मुलं बाहेर काढायची, हा हेतू खरोखर मोठा होता. पण सोसायटीच्या बालगृहाला जागा कोणती मिळाली? डोंगरीतल्या उमरखाडीचा तुरुंग. टिळक-आगरकरांनी 1882 साली ज्या तुरुंगात 101 दिवस काढले, तोच. तुरुंगासाठी बांधलेल्या वास्तूत बालगृह थाटलं की दार, कुलूप, हजेरी सगळं जुन्या वळणानेच चालतं. लोकांच्या तोंडी 'रिमांड होम' हा शब्द बसला तो उगीच नाही. आणि त्या शब्दाचा डाग स्टेशनवर चुकून उतरलेल्या सात वर्षांच्या पोरालाही लागतो.

यावर म्हणतात की भिंती नसत्या तर ही मुलं दलालांच्या हाती पडली असती, आणि हाताला काम मिळालं म्हणूनच कित्येकांचा संसार उभा राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रात्री अकरा वाजता सापडलेल्या मुलाला छप्पर आधी लागतं. पण छप्पर हे चौकशीपुरतं असावं. पत्रकार शीला बारसे यांनी चिल्ड्रन्स एड सोसायटीविरुद्ध लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये हेच सांगितलं: निरीक्षणगृहात मुलांना फार काळ ठेवू नये, आणि तिथलं काम त्यांना रुचेल, आत्मविश्वास देईल असं असावं. सोसायटीला 'राज्य' मानून न्यायालयाने तिच्यावर घटनेची बांधिलकीही घातली. तरी त्याच वर्षीच्या बाल न्याय कायद्यात चौकशीच्या काळासाठी उपेक्षित आणि आरोपी मुलांना निरीक्षणगृह एकच राहिलं. 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' आणि 'विधिसंघर्षग्रस्त बालक' यांच्या वाटा 2000 च्या कायद्याने वेगळ्या केल्या. म्हणजे 1850 पासून दीडशे वर्षं गेली.

2015 चा कायदा तर संस्थेला शेवटचा उपाय मानतो. मग पहिला उपाय घर टिकवण्याचा ठरतो, आणि महाराष्ट्राकडे त्यासाठी बालसंगोपन योजना आहे: मूल कुटुंबातच राहावं म्हणून महिन्याला 2,250 रुपये. माझ्या मते बालगृहाच्या नव्या इमारतीपेक्षा हा पैसा मोलाचा आहे, कारण तो मुलाला आईपासून तोडत नाही. अडचण एवढीच की अर्जाला रहिवासाचा दाखला जोडावा लागतो, आणि तो पुलाखालच्या आईकडे नसतो.