केमो सुरू असताना व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालतात का? प्रयोगशाळेतील पेशींनी दिलेली दोन उलटी उत्तरे

घरात कुणाची केमोथेरपी सुरू झाली, की भेटायला येणाऱ्यांच्या पिशवीत मोसंबी, संत्री आणि आवळा कँडी ठरलेली. सोबत 'प्रतिकारशक्ती वाढते' म्हणून व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळीही सुरू होते. करोनाकाळापासून ही गोळी घराघरात पोहोचली आहे आणि ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, असे सहसा कुणाला वाटत नाही. प्रश्न असा, की हीच गोळी केमोच्या औषधाच्या आड येऊ शकते का?

या शंकेला मोठे बळ मिळाले ते २००८ मध्ये. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधील संशोधकांनी ल्युकेमिया आणि लिम्फोमा या कर्करोगांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. काही पेशींना आधी व्हिटॅमिन सी पाजले, काहींना नाही. मग दोन्ही गटांवर औषधे सोडली : डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट आणि इमॅटिनिब. ही पाचही औषधे वेगवेगळ्या मार्गांनी पेशी मारतात. तरीही व्हिटॅमिन सी मिळालेल्या पेशींवर त्यांचा परिणाम ३० ते ७० टक्क्यांनी कमी झाला. उंदरांमध्येही डॉक्सोरुबिसिनचा प्रभाव घटला.

सुरुवातीचा अंदाज सोपा होता. अनेक औषधे पेशीत 'फ्री रॅडिकल्स' तयार करून तिला मारतात आणि व्हिटॅमिन सी अँटिऑक्सिडंट असल्याने ते रॅडिकल्स शोषून घेत असणार. प्रत्यक्ष मोजल्यावर हा परिणाम जुजबी निघाला. खरी गोष्ट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात घडत होती. औषधाचा मारा झाला की मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावरील विद्युतदाब कोसळतो आणि तिथून पेशीचा मृत्यू सुरू होतो. व्हिटॅमिन सीने तो दाब टिकवून धरला. मरायला निघालेली पेशी तगली, आणि इथे ती पेशी कर्करोगाची होती.

मग गोळी बंदच करायची?

इतक्या लवकर नाही. या प्रयोगात वापरलेले रूप आपल्या गोळीतील अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड नव्हते, तर डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड होते. हे रूप ग्लुकोजच्या दाराने पेशीत शिरते आणि आत गेल्यावर पुन्हा व्हिटॅमिन सी बनते. टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. आणखी एक गोष्ट बातम्यांमध्ये सहसा येत नाही. प्रयोगशाळेत पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्याच्या नेहमीच्या प्रकारांत व्हिटॅमिन सी नसतेच. म्हणजे तुलनेची सुरुवातच शून्यापासून होते. माणसाच्या रक्तात ते कमी-जास्त का होईना, असते.

एका औषधाबाबत मात्र चित्र बरेच स्पष्ट आहे. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या बोर्टेझोमिबमध्ये बोरॉनचा अणू असतो. व्हिटॅमिन सी थेट त्यालाच चिकटते आणि औषध निकामी होते. २००९ मध्ये उंदरांना तोंडावाटे व्हिटॅमिन सी देऊनही हा परिणाम दिसला. ग्रीन टीमधील एक घटकही बोर्टेझोमिबबाबत हेच करतो. म्हणून या रुग्णांना उपचारादरम्यान दोन्हींचे सप्लिमेंट टाळायला सांगितले जाते.

आणि उलटे उत्तर?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मार्क लेव्हिन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले, की मात्रा खूप वाढवली तर व्हिटॅमिन सीचा स्वभावच पालटतो. ते पेशीबाहेर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. त्याने काही कर्करोगपेशी मेल्या, निरोगी पेशी मात्र तगल्या. अडचण अशी, की एवढी पातळी गोळ्यांनी गाठता येत नाही. तोंडावाटे कितीही घेतले तरी रक्तातील प्रमाण लिटरमागे साधारण २२० मायक्रोमोलच्या पुढे जात नाही, बाकीचे शरीर बाहेर टाकते. शिरेतून दिल्यास ते याच्या कित्येक पट होते.

जुना वादही इथेच उलगडतो. नोबेलविजेते लायनस पॉलिंग आणि स्कॉटलंडमधील डॉक्टर इवान कॅमेरॉन यांनी १९७६ मध्ये व्हिटॅमिन सीने रुग्ण जास्त जगल्याचा दावा केला. पुढे मेयो क्लिनिकच्या चाचण्यांत काहीच फायदा दिसला नाही. कॅमेरॉन सुरुवातीला शिरेतून देत होते, मेयोने फक्त तोंडावाटे दिले. अर्थात पॉलिंग-कॅमेरॉन यांचा अभ्यास काटेकोर चाचणी नव्हता, हेही खरे.

प्रत्यक्ष रुग्णांमध्ये? चीनमध्ये आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ४४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२२) केमोसोबत शिरेतून व्हिटॅमिन सी देऊनही एकूण गटात आजार रोखण्याचा काळ वाढला नाही. याउलट आयोवा विद्यापीठाच्या २०२४ मधील चाचणीत स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी आयुष्य ८.३ वरून १६ महिन्यांवर गेले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण रुग्ण होते फक्त ३४. आणि मात्रा होती दर वेळी ७५ ग्रॅम, आठवड्यातून तीनदा. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या १५० गोळ्यांएवढे व्हिटॅमिन एका सलाइनमध्ये. ती गोष्ट दाखवून डबीतील गोळी देणे म्हणजे वेगळ्याच औषधाची जाहिरात करणे आहे.

जेवणातील लिंबू किंवा एखाददुसरे संत्रे हा या वादाचा विषय नाही. प्रौढाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅमच आहे. सप्लिमेंटची गोष्ट वेगळी. केमोच्या पुढच्या भेटीला जाताना घरात सुरू असलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी आणि कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी. कोणते औषध सुरू आहे, यावर उत्तर ठरते.

काही ठिकाणी 'इम्युनिटी ड्रिप' म्हणून शिरेतून व्हिटॅमिन सी दिले जाते. जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये अशा मोठ्या मात्रेने लाल रक्तपेशी फुटू शकतात. आपल्याकडे पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, त्यामुळे आधी रक्ततपासणी आवश्यक असते. मधुमेही रुग्णांसाठी आणखी एक धोका : अशा ड्रिपनंतर काही ग्लुकोमीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात आणि त्यावर विसंबून इन्सुलिन घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.