देशाचा कार्बन वाढतो कशाने?

एखादा देश वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, हे चार गोष्टी ठरवतात: माणसे किती, दरडोई उत्पन्न किती, ते उत्पन्न निर्माण व्हायला ऊर्जा किती लागते आणि त्या ऊर्जेतून कार्बन किती निघतो. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी मांडलेले हे समीकरण जगभर वापरले जाते. यात बेरीज नसून गुणाकार आहे. त्यामुळे एक घटक दुपटीने वाढला, तर बाकीचे मिळून निम्म्यावर आल्याशिवाय उत्सर्जन स्थिर राहत नाही.

पहिला घटक माणसांचा. छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या २००१ मध्ये पावणेनऊ लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती पावणेबारा लाख झाली. तरी सगळे खापर लोकसंख्येवर फोडणे चूक आहे. भारतात दरडोई उत्सर्जन सुमारे २ टन आहे. अमेरिकेत ते १४ टनांच्या घरात जाते. फरक राहणीमानाचा आहे.

उत्पन्न वाढले की काय होते, हे याच शहराने दाखवले. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. ती देशभर बातमी झाली. पण उत्सर्जनाचा आलेख चढतो तो साध्या खरेदीने. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या एमआयडीसीत नोकरी लागली की घरात दुचाकी येते, मग फ्रिज, कूलर आणि एसी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलरला चैन म्हणता येणार नाही.

तेच काम किती ऊर्जेत होते, हा तिसरा घटक. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहरींतून शहराला पाणी आणले, ते उताराच्या बळावर. आजचे पाणी जायकवाडी धरणातून येते. त्याच्या जलाशयाची, नाथसागराची, पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून साधारण १०० मीटर उंचावर. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते, पंपातला व वाहिनीतला अपव्यय वेगळाच. गळक्या जलवाहिनीतून पाण्याबरोबर वीजही वाया जाते.

ऊर्जाबचतीने बराच पल्ला गाठला आहे. २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. ६० वॅटच्या बल्बचे काम ९ वॅटमध्ये होऊ लागले. २००५ ते २०२० या काळात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. एकूण उत्सर्जन मात्र वाढतच गेले, कारण उत्पन्न त्याहून वेगाने वाढले.

म्हणून निर्णायक ठरतो चौथा घटक: वीज कशापासून बनते? जालन्याच्या स्टील उद्योगात भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून सळया बनवतात. खनिजापासून कोकवर पोलाद बनवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वच्छ. पण टनभर भंगार वितळवायला ५०० ते ६०० युनिट वीज लागते आणि देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे टनामागे साधारण ४०० किलो. तो जालन्यात दिसत नाही, औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडतो. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे.

कोळशाऐवजी सौर वीज वापरण्यातली अडचण खरी आहे: भट्टी रात्रीही चालते, तेव्हा ऊन नसते आणि साठवणूक महाग पडते. शेतीपंपाचे तसे नाही, तो दिवसा चालला तर शेतकऱ्याचीच सोय. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच मेळावर उभी आहे. सौर विजेकडे वळायला मराठवाड्याला तर कार्बनपलीकडचेही कारण आहे. औष्णिक केंद्राला पाणी लागते. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. सौर पॅनेलला पाणी लागते ते धुण्यापुरते.